हैदराबाद–टोरांटो, व्हाया दुबई

माझे वडील बत्तीस वर्षं बसस्टँडवर कंट्रोलर होते. बसवकल्याणच्या स्टँडवर जाळीच्या खोलीत बसायचं, कुठली गाडी किती वाजता आली आणि किती वाजता सुटली ते वहीत लिहायचं आणि माईकवरून सांगायचं, हे त्यांचं काम. एकदा कानडीत, एकदा मराठीत, आणि हैदराबादच्या गाडीची वाट बघणारी मंडळी समोर असली तर एकदा दखनीत. आमचं घर मंठाळला. अप्पा पहिल्या बसने जायचे आणि अंधार पडताना यायचे. घरी पाहुणा आला की अव्वा, म्हणजे आमची आई, पाणी आणायच्या आत अप्पांचा प्रश्न तयार असायचा, "किती वाजता निघालाव?" पाहुण्याने वेळ सांगितली की क्षणभर डोळे मिटून ते म्हणायचे, "म्हणजे हुमनाबादला गाडी वीस मिनिटं थांबली असंल." पाहुणा म्हणायचा, "व्हय की, तुम्हाला कसं कळालं?"

त्यामुळे नऊ वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ टोरांटोला निघाला, तेव्हा सगळ्या गावाने त्याला नोकरी कसली, थंडी किती, खायला काय मिळतं असं विचारलं आणि अप्पांनी मार्ग विचारला. भावाने मोबाईलवर नकाशा काढून दाखवला. अप्पांनी चष्मा लावला, जुन्या वहीचं कोरं पान काढलं आणि गाड्यांचं वेळापत्रक लिहावं तसं लिहिलं. हैदराबाद ते दुबई, अडीच हजार किलोमीटर, चार तास. दुबईत थांबा साडेतीन तास. दुबई ते टोरांटो, अकरा हजार किलोमीटर, चौदा तास. खाली रेघ ओढून त्यांनी बेरीज केली. अंतर साडेतेरा हजार, वेळ साडेएकवीस तास.

"सरळ उडालं तर तेरा हजाराला जरा कमीच हाय," भाऊ म्हणाला.

"सरळ कोण जातंय?" अप्पा म्हणाले. "गाडीनं जो रस्ता धरला तेच अंतर. आन् मंठाळ ते हैदराबाद साडेचार तास धर. तिथं तीन तास आधी जाऊन बसायचं. घरापासनं घरापर्यंत तीस तास."

त्या दिवसापासून आमच्या घरात टोरांटो हे गाव तीस तासांवर होतं. हैदराबादच्या विमानतळावर भाऊ आत गेला आणि अप्पा परतीच्या जीपमध्ये आणि मग घरी आल्यावरही दर तासाला घड्याळ बघत राहिले. "आता मस्कत गेलं असंल," "आता उतरायला लागलं असंल." दुसऱ्या दिवशी पोचल्याचा फोन आला, तेव्हा विमान अकरा मिनिटं उशिरा उतरलं हे त्याच्याआधी अप्पांनीच त्याला सांगितलं. मी त्यांना फोनमध्ये विमानं दिसणारा नकाशा लावून दिला होता.

मी तेव्हा बसवकल्याणला मराठी शाळेत शिक्षिका होते. नवरा कलबुर्गीला वीज खात्यात. दोघांच्या नोकऱ्यांच्या मध्ये ऐंशी किलोमीटर आणि अडीच तासांची बस. शनिवारी शाळा सुटली की मी कलबुर्गीची गाडी धरायची, रविवारी संध्याकाळी परत. मुलगी वडिलांजवळ कलबुर्गीला शिकत होती. आम्ही ठरवलं होतं की मी बदलीसाठी अर्ज करायचा. आळंदच्या शाळेत जागा निघणार होती, आणि आळंदहून कलबुर्गीला रोज जाता-येता येतं.

मी अर्ज केला, त्याच वर्षी अप्पांना लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय गेला आणि जीभ जड झाली. भाऊ आला, पंधरा दिवस राहिला. निघताना ओट्यावर बसून तो माझ्याजवळ रडला.

"अक्का, मी काय करू सांग. माझं मन हितंच हाय. पण रात्री-अपरात्री काय झालं तर मी तिथनं कसा येणार? तीस तास लागतात गं."

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "तू काळजी करू नको. मी हाय की."

हे शब्द माझेच आहेत. कुणी माझ्या तोंडात घातले नव्हते. मी बदलीच्या यादीतून नाव काढून घेतलं आणि मंठाळला अप्पा-अव्वांकडे राहायला आले. पुढच्या वर्षी पुन्हा यादी निघाली, तेव्हाही काढलं. मुलगी आठवीत होती ती नववीत गेली, दहावीत गेली. तिला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा शेजारच्या बाईने तिला सगळं सांगितलं आणि मला ते शनिवारी कळलं. नवरा समजूतदार. तो फक्त एकदा म्हणाला होता, "तुझा भाऊ वर्षातनं एक महिना तरी येऊन ऱ्हाईल काय?" मी त्याच्यावरच चिडले. म्हणाले, "टोरांटो म्हणजे काय हुमनाबाद वाटलं तुम्हाला?"

अप्पांना व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. त्यांनी सांगितलं होतं की यांना बोलतं ठेवा, रोज काही विचारत जा, आठवायला लावा. पाढे विचारले तर अप्पा तोंड फिरवायचे. देवाधर्माचं विचारलं तरी तेच. मग एक दिवस मी विचारलं, "अप्पा, हैदराबाद ते दुबई किती?"

त्यांचे डोळे एकदम चमकले. बराच वेळ जीभ हलवून त्यांनी सांगितलं, "अ... अडीच हजाल."

"तास?"

"चाल."

"दुबई ते टोरांटो?"

"अकला हजाल. चौदा."

तेव्हापासून तो आमचा पाठ झाला. सकाळी शाळेत जायच्या आधी त्यांचा हात तेलाने चोळताना मी विचारायची आणि ते सांगायचे. टोरांटोचं तोलांतो व्हायचं. हळूहळू र परत आला. ज्या दिवशी त्यांनी स्वच्छ 'टोरांटो' म्हटलं, त्या दिवशी अव्वाने शेवयाची खीर केली. मी भावाला ते बोलणं टेप करून पाठवलं. त्याने उलट रडके चेहरे पाठवले.

भावाचा फोन दर गुरुवारी सकाळी आठ वाजता यायचा. तेव्हा तिकडे आदल्या रात्रीचे साडेदहा असायचे, हिवाळ्यात साडेनऊ. तो झोपायच्या आधी बोलायचा, आम्ही दिवस सुरू करताना. पूर्वी तो खिडकीतून बर्फ दाखवायचा, त्याची बायकोही दोन शब्द बोलायची. नंतर दाखवेनासा झाला; बायको रात्रपाळीला असते म्हणायचा. मागे एक तपकिरी पडदा दिसायचा, दिवा लावलेला असायचा, तो पांघरूण घेऊन बसलेला असायचा. अव्वा म्हणायची, "पडदा सार की जरा, बर्फ बघू दे." तो म्हणायचा, "अव्वा, रात्रीचं काय दिसतंय? अंधार हाय." आणि अप्पा खाटेवरून विचारायचे, "थंडी किती?" तो सांगायचा, "उणे बारा." अप्पा मान हलवायचे.

शेवटच्या सहा महिन्यांत अप्पा खचत गेले. मी दोनदा म्हणाले, "भावाला बोलवून घेऊ का?" दोन्ही वेळा त्यांनी चांगला हात हलवून मला थांबवलं. "नको. लई लांब हाय. साडेतेरा हजार. नको बोलवू." मला वाटलं, किती माया ही. पोराला त्रास नको म्हणून माणूस त्याचं तोंड बघायची इच्छासुद्धा गिळतोय.

ते एका दुपारी गेले. मी शाळेत होते, शेजाऱ्याचा फोन आला, मिळेल त्या गाडीने मी पोचले तेव्हा अव्वा त्यांच्या पायाशी बसली होती. मी पहिला फोन भावाला केला. तिकडे पहाट असणार, तो झोपेत असेल, असाही विचार मनात आला. त्याने पहिल्याच रिंगला उचलला. मी सांगितलं. तो म्हणाला, "अक्का, आत्ताच्या आत्ता तिकीट मिळालं तरी मी परवा पोचणार. थांबू नका तुम्ही."

आमच्यात माणसाला बसवून पुरतात. तसं फार वेळ ठेवताही येत नाही. भाऊबंद विचारायला लागले, पोरगा येणार काय, थांबायचं काय. मी सगळ्यांना सांगितलं, "तीस तास लागतात. न्हाई जमायचं." मीच सांगितलं. अप्पांना विभूती लावून, हार घालून ओसरीवर बसवलं. मी समोर स्टूलवर उभी राहून फोन धरला, म्हणजे भावाला त्यांचा चेहरा नीट दिसेल. पाऊण तास हात वर धरून मी उभी होते. हाताला मुंग्या आल्या, दुसऱ्या हातात घेतला. फोनमधून त्याचं हुंदके देणं ऐकू येत होतं आणि ओसरीवरच्या बाया त्या फोनकडे बघून आणखी रडत होत्या. "बिच्चारं लेकरू, बापाचं तोंड बघायला आलं न्हाई," असं म्हणत होत्या. मग शेतात त्याच्या वाटणीची मूठभर माती मीच टाकली.

चार महिने गेले. शाळेला सुट्टी होती, तो गुरुवारचाच दिवस. अव्वा भावाशी बोलत होती आणि मी शेजारी शेंगा फोडत बसले होते. फोन स्पीकरवर होता. बोलता बोलता पलीकडे बेल वाजली. भाऊ म्हणाला, "एक मिनिट." त्याने फोन कुठेतरी ठेवला. चित्रात फक्त छत दिसायला लागलं, पंखा गरागरा फिरत होता. आणि दार उघडल्यावर एका माणसाचा आवाज आला, स्पष्ट, आपल्या घरात बोलावा तसा.

"सार्, क्यान एल्लि इडलि?"

साहेब, कॅन कुठं ठेवू? पाण्याचा कॅन. भावाने हळू आवाजात सांगितलं, "अल्ले इडप्पा." तिथंच ठेव बाबा. मग पावलं, कॅन जमिनीवर टेकल्याचा आवाज, दार लागल्याचा आवाज.

तो परत आला. मी अव्वाच्या हातातून फोन घेतला.

"तिकडं किती वाजलेत रे?"

"साडेदहा. रात्रीचे."

"रात्री साडेदहाला टोरांटोत कानडी माणूस पाण्याचा क्यान घेऊन येतोय काय?"

तो हसायला गेला. हसू निम्म्यात अडकलं. "अक्का, ते... हितं एक आपल्याकडचा पोरगा..."

"पडदा सार."

"अक्का."

"पडदा सार म्हणते मी."

फोन कट झाला. अव्वा विचारत होती, "काय झालं? कामून वरडायलीस त्याच्यावर?" मी म्हणाले, "रेंज गेली." मला तेव्हा अजून कळलंच नव्हतं. अंगाला कळलं होतं, डोक्याला नव्हतं. मी दिवसभर शेंगा फोडत राहिले. संध्याकाळी मी त्याला फक्त एवढं लिहिलं, "पत्ता पाठव." दोन दिवसांनी पत्ता आला. बंगळूरचा. बाकी एक शब्द नाही.

मी आयुष्यात विमानात बसले नव्हते. बिदरहून बंगळूरला विमान जातं हे माहीत होतं. आमच्या शाळेतल्या एक-दोघी गेल्याही होत्या. अव्वाला सांगितलं, प्रशिक्षण आहे. म्हणजे खोटं बोलायला मीही शिकलेच. बिदरचा विमानतळ लहान, माणसं ओळखीची वाटावीत इतकी थोडी. खिडकीशी जागा मिळाली. खाली लाल माती, तुरीची शेतं, मग ढग. हवाईसुंदरीने पाणी दिलं, ते पिऊन होईतो उतरण्याची सूचना झाली. मी घड्याळ बघितलं. सव्वा तास. मी फोन धरून स्टूलवर जितका वेळ उभी होते, त्याहून फक्त अर्धा तास जास्त.

दार त्याने उघडलं. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं. मला बघून तो वाकला, पाया पडायला. मी पाय मागे घेतले.

दोन खोल्यांचं घर होतं. दारामागे पाण्याचा कॅन. खिडकीला तो तपकिरी पडदा. मी आधी जाऊन पडदा सारला. बाहेर लख्ख ऊन, समोरच्या गच्चीवर कुणाच्या तरी चादरी वाळत होत्या, रस्त्यावर फुलवाली बसली होती.

"कधीपासनं हायस हितं?" मी विचारलं.

"बस ना अक्का आधी."

"कधीपासनं?"

"सव्वा वर्ष झालं."

मी मोजलं. अप्पा जाऊन चार महिने. म्हणजे ते जायच्या आधी अकरा महिने तो इथं होता. अकरा महिने तो सकाळी आठ वाजता पडदा ओढून, दिवा लावून, पांघरूण घेऊन आम्हाला उणे बारा सांगत होता.

त्याने सगळं सांगितलं. मी उभीच होते. तिकडची नोकरी गेली. दुसरी मिळाली नाही. बायकोने वेगळं व्हायचं ठरवलं, ती तिकडेच राहिली. दोन बॅगा घेऊन तो परत आला. गावात क्यानडावाला म्हणून जो मान होता, त्याला कसं तोंड द्यायचं हे कळेना, म्हणून बंगळूरला थांबला. नोकरी लागली की सांगू म्हणाला. लागली, पण लहान. मग आणखी चांगली लागली की सांगू. मग अप्पा जास्त आजारी पडले आणि आता काय सांगणार, असं झालं.

हे सगळं मी समजू शकते. खरंच समजू शकते. नोकरी कुणाचीही जाते. लाज कुणालाही वाटते. मला राग येत होता तो दुसऱ्याच गोष्टीचा.

"अप्पा गेले त्या दिवशी," मी म्हणाले, "सव्वा तासावर होतास. संध्याकाळपर्यंत आला असतास. मी सगळ्यांना सांगितलं तीस तास लागतात म्हणून. माझ्या तोंडानं सांगितलं. मी तुला फोन धरून दाखवत होते. तुला एकदाबी वाटलं न्हाई?"

"वाटलं. मी बॅग भरली होती अक्का."

"मग?"

"आलो असतो तर लोकांनी विचारलं असतं, इतक्या लवकर कसा आलास."

इतकं साधं कारण. बापाच्या मातीला तो आला नाही, कारण तो फार लवकर पोचला असता.

मी पर्स उचलली. तेव्हा तो घाईने म्हणाला, जणू त्याने माझं ओझं कमी होणार होतं, "अक्का, मी अप्पाला फसवलं न्हाई. अप्पाला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"सगळं. आल्यावर पहिल्याच महिन्यात सांगितलं मी. तू शाळेत गेलीस की दुपारी फोन करायचो. अव्वा शेतात असायची. अप्पाच म्हणले, इतक्यात गावात येऊ नको. आधी सगळं नीट होऊ दे. आन्..." तो थांबला.

"आन् काय?"

"आन् म्हणले, अक्काला सांगू नको. तिचं तोंड ऱ्हात न्हाई."

मी खुर्चीत बसले. इतका वेळ बसले नव्हते, तेव्हा बसले.

अकरा महिने मी रोज सकाळी त्यांचा हात चोळत विचारत होते, दुबई ते टोरांटो किती? आणि ते सांगत होते, अकरा हजार, चौदा तास. त्या चौदा तासांच्या टोकाला कुणी नाही हे त्यांना ठाऊक होतं. माझ्यासमोर खाटेवरून ते थंडी विचारत होते आणि तो उत्तर देत होता. दोघं मिळून. लई लांब हाय, नको बोलवू, असं म्हणताना त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं होतं. मी बदली सोडली हे त्यांना माहीत होतं. दुसऱ्यांदा नाव काढून घेतलं तो कागद मी त्यांच्या खाटेवर बसून भरला होता, आणि तेव्हा त्यांचा मुलगा बंगळूरला येऊन दोन महिने झाले होते. पेन माझ्या हातात होतं. ते बघत होते. एक शब्द पुरला असता. जीभ जड होती, पण एक शब्द बोलता येत होता.

भावावर रागावता येतं. तो समोर आहे, त्याला बोलता येतं, तो ऐकतो, रडतो. अप्पांना मी कुठे जाऊन विचारू की माझं तोंड कधी राहिलं नाही? कुठली गोष्ट मी बाहेर सांगितली? आजही कधी कधी कपडे वाळत घालताना मी मनात त्यांच्याशी भांडते, आणि दर वेळी मीच हरते, कारण ते काही बोलत नाहीत.

भाऊ म्हणाला, "अव्वाला सांगू नको."

मी म्हणाले, "माझं तोंड ऱ्हात न्हाई. तुला माहीतच हाय."

परत आले त्या संध्याकाळी अव्वाला समोर बसवून मी सांगितलं. हळूहळू सांगितलं, तिला धक्का बसेल म्हणून. ती ऐकत राहिली. मग तिने विचारलं, "बंगळूर म्हणजे आपलंच की. मग जेवायला कामून आला न्हाई इतके दिस?"

"लाज वाटली त्याला."

"खायला कोण करतंय त्याला?"

"स्वतःच करतो."

अव्वाने पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, आता ती म्हणेल, तुझं काय गं झालं यात. ती म्हणाली, "बरं झालं बाई. जवळ आलं लेकरू. मला लई घोर होता, इतक्या लांब एकटं म्हणून." आणि तिचा चेहरा खरोखर उजळला. कित्येक महिन्यांत बघितला नव्हता तसा. तिच्या आनंदात मला कुठे जागाच नव्हती. आत जाऊन मी भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

अप्पांच्या वर्षाच्या पूजेला भाऊ आला. दाढी करून, चांगले कपडे घालून. स्टँडवरचे अप्पांचे जुने सोबतीही आले होते. त्यातल्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने पंगतीत बसल्या बसल्या विचारलं, "काय बाळा, किती तास लागले विमानाला?"

भावाच्या हातातला घास थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी वाढत होते, हातात सांबाराची बादली होती. मी काही बोलायच्या आत मागून अव्वा म्हणाली, "आता कुठलं टोरांटो? कंपनीनं बदली केली त्याची बंगळूरला. गेल्याच महिन्यात."

इतक्या सहज म्हणाली की मलाही क्षणभर खरं वाटलं. म्हातारा खूश झाला. "लई बेस झालं. बदली मिळायलाबी नशीब लागतंय." भावाने मान डोलावली आणि घास तोंडात घातला. मी पुढच्या पानावर सांबार वाढलं. त्या घरात तोंड न राहणारी म्हणून जी प्रसिद्ध होती, ती त्या दिवशी एकटीच गप्प होती.

पूजेनंतर अव्वा त्याच्याबरोबर बंगळूरला गेली, ती आता निम्मं वर्ष तिकडेच असते. मी बदलीचा अर्ज पुन्हा केला आणि या वेळी नाव काढलं नाही. आळंद मिळालं. जूनमध्ये मी कलबुर्गीच्या घरात माझं सामान घेऊन आले. दोन पेट्या, शिलाई मशीन, पुस्तकं. नवऱ्याने कपाटातला एक अख्खा कप्पा रिकामा करून ठेवला होता.

त्याच आठवड्यात मुलगी धारवाडला कॉलेजच्या हॉस्टेलवर जाणार होती. तिची बॅग आणि माझ्या पेट्या एकाच खोलीत उघड्या पडल्या होत्या. मी तिच्या बॅगेत चटणीची बाटली ठेवायला गेले, तर तिने ती हळूच बाजूला केली.

"मी तिखट खात न्हाई, मम्मी."

"कधीपासनं?"

"नववीपासनं," ती म्हणाली. तिला काही टोचून बोलायचं नव्हतं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "पप्पाला माहीत हाय."

मी बाटली परत स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. येऊन तिच्याजवळ बसले आणि विचारलं, "आन् काय काय खात न्हाईस तू? सांग मला." ती हसली आणि सांगायला लागली. मी ऐकत होते. तेवढ्यात माझा फोन वाजला. गुरुवार होता, भाऊ होता. मी फोन उलटा करून ठेवला आणि तिला म्हणाले, "हं, पुढं सांग."